उजव्या खांद्यावरचा पदर

लंडनच्या एका चित्रकाराने माझ्या आईला फसवलं. तो मरून शंभरावर वर्षं झाली असल्यामुळे त्याच्या दारात जाऊन जाब विचारता येत नाही. म्हणून त्याचं चित्र काखेत मारून, तो जिथून जिथून गेला असेल तिथून मी हिंडून आलो. देहूरोड, मोशी, चाकण आणि इंद्रायणीचे दोन्ही काठ. भोसरीतल्या माझ्या घरापासून यातलं काहीच लांब नाही. तरी वाचणाऱ्यांपैकी फार कुणी तिथे गेलं नसेल. त्या रस्त्यांवरून माणसं रोज शिफ्टला जातात आणि शिफ्टहून येतात. नदीकडे वळायला कुणाला फुरसत नसते.

त्या चित्रकाराचं नाव मला ठाऊक आहे, पण मी ते लिहिणार नाही. त्याने चित्राखाली माझ्या आजोळचं नाव लिहिलं नाही, 'चाकणजवळचा एक घाट' एवढंच इंग्रजीत छापलं. आता मीही त्याचं नाव लिहीत नाही. फिटंफाट.

मी भोसरीत डाय बनवतो. म्हणजे लोखंडाचे साचे, ज्यात ओतून किंवा दाबून गाड्यांचे सुटे भाग निघतात. हेल्पर म्हणून लागलो होतो, आता चार मशीनं माझी आहेत. भाव केल्याशिवाय मी मीठसुद्धा घेत नाही. बायको मला भाजीला बरोबर नेत नाही. म्हणते, तुम्ही जुडीसाठी भांडता आणि मग त्या बाईकडे मला वर्षभर तोंड दाखवता येत नाही.

माझं आजोळ निंबळी. नदीच्या चाकणकडच्या काठावर होतं. काठजाईचं दगडी देऊळ, पुढे दीपमाळ, आणि देवळापासून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आधी पुराच्या गाळाने खालच्या पायऱ्या बुजल्या. मग जमीन कंपनीसाठी गेली, घरं उठली, देवीची मूर्ती वाजतगाजत रस्त्याकडेच्या नव्या वसाहतीत आणली. जुनं देऊळ पडलं. मी शेवटचा तिथे गेलो तेव्हा शाळेतही जात नव्हतो. पायऱ्या मला आठवत नाहीत. आठवतो तो आईचा आवाज, "खाली जाऊ नगं, शेवाळ हाय."

आईला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. ती म्हणते, नळीतून बघितल्यावानी दिसतंय. नळी दर महिन्याला बारीक होते आणि गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा रिक्षात बसल्या बसल्या आई म्हणाली, "घाट येकदा बघितला असता. मंग जाऊ द्यात डोळे."

आता घाट कुठून आणू? निंबळीत कुणाकडे कॅमेरा नव्हता. लग्नातले फोटो असतात, पण लग्नातल्या फोटोत सोफा असतो, घाट नसतो.

अशात देहूरोडला सलीमभाईंच्या गोडाऊनमध्ये मला ते चित्र सापडलं. लष्कराच्या लिलावातलं जुनं लोखंड ते विकतात. मी एक व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा, बघायला गेलो होतो. एका खोक्यात विलायती साप्ताहिकाची जुनी पानं होती, लाकडी ठशावरून छापलेली चित्रं. एका पानावर माझा हात थांबला. मधे नदी, डाव्या काठावर पायऱ्या, देऊळ, दीपमाळ आणि मागे डोंगर. तो डोंगर मी रोज टेरेसवरून बघतो. बसलेल्या बैलासारखा आहे, वर वशिंड, तोंड नदीकडे. निंबळीकर त्याला वशिंड्याच म्हणतात. मी चेहरा कोरडा ठेवला, व्हाइसचा भाव पाडला आणि वर चित्र मागून घेतलं. घरी येईपर्यंत मात्र दोनदा गाडी थांबवून ते पुन्हा बघितलं.

आईने पान खिडकीशी धरलं, डोळ्याला भिंग लावलं. बोट पुढे, नजर मागे, अशी ती कागदावरून सरकत गेली. "डोंगर आपला... दीपमाळ बी तशीच... हे देवळाचं जोतं..." मग पायऱ्यांवरच्या पाणी भरणाऱ्या बायकांपाशी तिचं बोट थांबलं.

"ह्या कोन?"

"निंबळीच्याच असणार की."

"आमच्या न्हाईत. पदर बघ. उजव्या खांद्यावर हाय. घागर बी उजव्या कमरंवर. मंग उजव्या हातानं करायचं काय? आमच्यात असा पदर कोन घेती व्हय? गुजरातकडच्या हायेत ह्या."

"आई, चित्र आहे ते."

"चित्र झ्याक हाय. पर आमचं न्हवं, सुऱ्या." आणि खोटी नोट परत करावी तसं तिने ते पालथं करून माझ्या हातात दिलं.

देहूरोड

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सलीमभाईंकडे भांडायला गेलो. देहूरोडच्या लष्करी छावणीत शिरलं की मला नेहमी वाटतं, आपण मोठ्याने बोलतोय. आमच्या भोसरीत झाड दिसलं की त्याला खिळा ठोकून 'रूम भाड्याने देणे आहे' असा बोर्ड लावतात. इथे झाडाच्या बुंध्याला गेरू आणि चुना लावतात, आणि रस्त्याकडेचे दगडसुद्धा रांगेत उभे असतात, हजेरी लावायला आल्यासारखे.

सलीमभाई गोडाऊनच्या दारात खारी चहात बुडवत बसले होते.

"गुजरातचं चित्र मला चाकणचं म्हणून विकलंत!"

"विकलं? सुरेशभाऊ, व्हाइसवर फुकट नेलंत तुम्ही. वरून मला रडवलंत. आता फुकटचा माल वापस?"

"माझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

हे ऐकल्यावर त्यांनी खारी खाली ठेवली. आत जाऊन खोकं घेऊन आले. "बसा. खारी घ्या. आणि हे बघा, सगळी त्याच साहेबाची आहेत."

मी बसलो. विलायतेतली चर्चं, समुद्राकडेचे कडे, एका कमानी पुलाखालून जाणारी होडी, पडका किल्ला. मी माणूस लोखंडातला, चित्रातलं मला कळत नाही, पण काम कळतं. दगड काढताना त्याने कुठे आळस केलेला नव्हता. प्रत्येक सांधा वेगळा, झिजलेली कड झिजलेली, भेग जिथून सुरू होते तिथूनच सुरू. ज्या माणसाने दगडाशी एवढं इमान राखलं, तो बायकांचे पदर बदलेल? माझा राग जरा गोंधळला.

"फिरायचा धंदा होता यांचा," सलीमभाई म्हणाले. "पेपरवाले पाठवायचे, जा, डोंगर काढ, देऊळ काढ. घोड्यावर यायचं, छत्री लावून बसायचं, पेन्सिलीनं काढायचं. तो कागद बोटीनं विलायतेला. तिथं दुसराच माणूस ते लाकडावर कोरणार, मग छापखाना. कोरणाऱ्यानं हिंदुस्तान कधी बघितलाच नसायचा. नंतर फोटो छापायला लागले आणि ही सगळी मंडळी बसली घरी."

"मग पदराची चूक कुणाची? काढणाऱ्याची का कोरणाऱ्याची?"

"ते वर गेल्यावर दोघांना समोरासमोर बसवून विचारा. मला कशाला?"

मी हसलो नाही. त्या गोडाऊनमध्ये गंजलेल्या लोखंडाच्या वासात बसून मला त्या साहेबाचा हेवा वाटत होता. कुणी तरी परका माणूस, छत्रीखाली बसून, एक अख्खी दुपार निंबळीचा घाट बघत होता. त्याला त्याचं काही नव्हतं. तिथून उठून तो पुढच्या देवळाकडे गेला असेल, आणि मला त्यातली पाच मिनिटं मिळत नाहीत.

"तिथं जाऊन उभे राहा," सलीमभाई म्हणाले. "चित्र हातात धरा. डोंगर लागला तर लागला. नाही लागला तर या, मी व्हाइस वापस घेतो." मग घाईने म्हणाले, "व्हाइस नको. चित्र घेतो."

मोशीचा काठ

देहूरोडहून परत येऊन मी नाशिक रस्त्याने मोशीच्या पुढे गेलो. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे गाडी अशी दाबली की मागचा टेम्पोवाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला.

रस्त्याकडेच्या मोठ्या होर्डिंगवर माझं चित्र होतं. तेच. पायऱ्या, देऊळ, दीपमाळ, वशिंड्या, उजव्या खांद्यावर पदर घेतलेल्या बायका. त्यावर सोनेरी अक्षरात लिहिलं होतं: हेरिटेज घाट. आणि खाली, नदीकाठी राहा.

आत एक काचेचं ऑफिस, त्यात गार हवा आणि टाय लावलेला मुलगा, विक्री विभागाचा. त्याने मला गिऱ्हाईक समजून लिंबू सरबत दिलं. "सर, टू का थ्री? सगळे रिव्हर व्ह्यू."

मी विचारलं, "हे चित्र कुठून आणलं?"

"सर, आमच्या आर्किटेक्टनी विलायतेच्या संग्रहातून शोधलं. हा आपला इथला ऐतिहासिक घाट आहे. नष्ट झाला होता, आपण पुन्हा उभा करतोय. चला, दाखवतो."

नदीच्या मोशीकडच्या काठावर खरंच पायऱ्या उभ्या राहत होत्या. आत काँक्रीट, वरून दगडाच्या चकत्या चिकटवलेल्या, बाथरूमला लावतात तशा. दीपमाळेच्या जागी दिव्याचा खांब. मी पाण्याकडे तोंड करून, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, जिकडे वशिंड्या आहे तिकडे बघत उभा राहिलो आणि चित्र धरलं. चित्रात घाट डावीकडे आणि डोंगरही डावीकडे, घाटाच्याच मागे. इथे घाट डावीकडे होता खरा, पण वशिंड्या नदीपलीकडे, उजवीकडे, चाकणच्या अंगाला बसला होता.

"डोंगर तिकडे कसा?"

मुलगा गोड हसला. "सर, आर्टिस्ट लोक आहेत. चित्रात बरं दिसावं म्हणून इकडचा डोंगर तिकडे घेतात."

"डोंगर हलवला आणि घाट नाही हलवला? हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सर, तुम्ही आधी सँपल फ्लॅट बघा ना."

सवयीने मी फ्लॅटचा भावही विचारला, आणि सवयीने हसून अर्ध्यावर आणला. पण मन तिथे नव्हतं. समोर, पलीकडच्या काठावर डंपर मागे घेत होता. मागे घेताना वाजणारी ती शिट्टी नदीवरून इकडे ऐकू येत होती. मग मातीचा ढीग सरकला आणि धूळ उठली.

"ते काय चाललंय तिकडे?"

"आपलंच आहे, सर. आपल्या खोदकामाचं मटेरियल. तिकडे काही नाहीये, पडीक आहे."

तिकडे माझं आजोळ होतं.

निंबळी

पूल ओलांडला आणि चाकणची वाहतूक सुरू झाली. तिचं वर्णन करत नाही. ज्यांनी अनुभवलीय त्यांना नको आणि ज्यांनी नाही त्यांना खोटं वाटेल. जुन्या निंबळीकडे जाणारी वाट कंपनीच्या भिंतीला लागून आहे. मी चित्र उघडून उभा राहिलो, एकदा डोंगराकडे बघतो, एकदा चित्राकडे, तोच मोटारसायकलवरचे दोघे थांबले.

"कुठला गट नंबर, भाऊ?"

"गट नाही, घाट बघतोय."

"घाटाशेजारचा बी हाय एक. क्लियर टायटल. पार्टी आपल्या घरातली."

नाही म्हटलं तर त्यांना वाटलं मी मोठा एजंट आहे आणि भाव दाबतोय. एकाने मला बाजूला घेऊन दुसऱ्यापेक्षा कमी दर सांगितला. एवढ्यात कंपनीच्या गेटवरचा रखवालदार आला, "सर्वे करना मना है" म्हणाला आणि माझा नकाशा जप्त करायला निघाला. नकाशा म्हणजे चित्र. कागद दोघांनी दोन टोकांनी धरलेला, तेव्हा माझा मामेभाऊ दत्ता सेकंड शिफ्टला निघाला होता तो तिथे पोचला, म्हणून माझा हात सुटला. कागदावरूनही आणि रखवालदाराच्या कॉलरवरूनही.

"काय राव दादा, येताना फोन तरी करायचा. आल्या आल्या मारामारी?"

दत्ता त्याच कंपनीत आहे, जी त्याच्या बापाच्या शेतावर उभी आहे. त्याने शिफ्ट बदलून घेतली आणि मला घरी नेलं. नव्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी, पण दारात पाण्याचा पिंप ठेवायची जागा मात्र जुन्या गावासारखीच डाव्या हाताला. वहिनीने मासवडी केली होती. आमच्या भोसरीत आता मासवडी हॉटेलात जाऊन खातात आणि तिचे फोटो काढतात. इथे अजून बाई ओल्या फडक्यावर बेसन थापते, सारण भरते आणि वळताना कुणाशी बोलत नाही.

जेवताना मी चित्र दाखवलं. दत्ताने हात धुवायच्या आधीच ते ओळखलं.

"ह्येच ते. ह्येच दावलं व्हतं आमाला."

"कुणी?"

"बिल्डरच्या साहेबानं. आमी दहाबारा जण गेलो व्हतो मोशीला. म्हणलं, तुमी भराव टाकताय तिथं काठजाईच्या पायऱ्या हायेत. गाळाखाली हायेत, पर हायेत. तर म्हणले, पुरावा दावा. आमच्याकडं कुठला पुरावा? उलट त्यांनीच ह्ये काढून दावलं. म्हणले, जुना घाट आमच्या काठाला व्हता, ह्ये बघा, साहेबानं डाव्या काठावर काढलाय. तुमच्या काठाला कायच न्हवतं."

"आणि तुम्ही ऐकून आलात?"

"आता पदर बघून आमीच गार पडलो, दादा. म्हाताऱ्या बायाच म्हणल्या, ह्या आपल्या न्हाईत. मंग भांडायचं कशावर?"

माझ्या आईला जो पदर खुपला, त्याच पदराने सगळ्या निंबळीचं तोंड बंद केलं होतं.

ऊन उतरल्यावर आम्ही काठावर गेलो. भिंत आणि नदी यांच्यामधे एक पट्टा उरलाय. त्यावर फुटक्या फरशा, सळया, लाल माती यांचे ढीग. दत्ताने एका ढिगाकडे बोट केलं, "दीपमाळ हितं व्हती," मग दुसऱ्याकडे, "आन हितनं पायऱ्या." मी त्या दुसऱ्या ढिगावर चढलो. वशिंड्या उजव्या हाताला होता, तोंड नदीकडे, सूर्य त्याच्या वशिंडावर. कुणी तरी छत्री लावून याच्या आसपास कुठे तरी बसलं होतं. पाण्याचा आवाज, धुणी आपटल्याचा आवाज, कदाचित माझ्या पणजीचंही कुणाला तरी ओरडणं, हे सगळं त्याच्या कानावर पडलं असेल आणि त्याला त्यातलं एक अक्षर कळलं नसेल. मला सगळं कळलं असतं, आणि मला डंपरची शिट्टी ऐकू येत होती.

भोसरी

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपला गेलो तो कुणावर तरी ओरडायचं ठरवूनच. गायकवाडांनी ती संधी दिली. गायकवाड माझ्यापेक्षा जुने कारागीर, केस पांढरे झालेत. एका गिऱ्हाइकाच्या डायवर त्याचं नाव कोरायचं होतं. साच्यात नाव उलटं कोरावं लागतं, तेव्हा वस्तूवर सुलटं उमटतं. हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. आणि गायकवाडांनी कागदावर जसं होतं तसं सरळ कोरून ठेवलं होतं. पहिला तुकडा बाहेर आला त्यावर नाव उलटं.

"अहो गायकवाड, एवढी वर्षं झाली आणि हे? कागद समोर ठेवला आणि कोरत सुटलात! साच्यात सरळ कोरलं की डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे, हे मी तुम्हाला आता..."

मी थांबलो. गायकवाड वाट बघत राहिले, शिवी अर्धी राहिलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

"शेठ, काय झालं?"

लाकडी ठसासुद्धा साचाच. लंडनच्या त्या कोरणाऱ्याने कागद समोर ठेवला आणि तसाच, सरळ, लाकडात उतरवला. छापल्यावर सगळं फिरलं. डोंगर नदीसकट फिरला म्हणून बैल नदीकडेच बघत राहिला आणि कुणाला संशय आला नाही. चित्राखालची ओळ नंतर टाइपाने जुळवलेली, म्हणून ती सरळ. फिरली ती फक्त निंबळी. चित्रकाराने पदर डाव्याच खांद्यावर काढला होता.

मी चित्र काढून खिडकीच्या काचेवर पालथं धरलं. उजेड आरपार आला. डावीकडचा घाट उजवीकडे, चाकणच्या काठावर. कोपऱ्यात मी ज्याला गवताच्या काड्या समजत होतो, ती त्या साहेबाची सही निघाली. आता कुठे वाचता येत होती. गायकवाड पाठीमागून म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखाच कुणी तरी होता की, शेठ, तिकडे."

"तुमच्यासारखाच," मी म्हणालो. "पण तुम्ही निदान पुन्हा कोरून देता."

वाया गेलेल्या तुकड्याच्या पैशाचं मी त्यांना काहीच बोललो नाही. ते माझ्याकडे काळजीने बघत होते.

पुन्हा नदीवर

झेरॉक्सवाल्याकडून चित्र फिरवून, मोठं करून घेतलं आणि आधी मोशीला गेलो. या वेळी टायवाल्या मुलाकडे नाही, वरच्या मजल्यावर, प्रकल्पाच्या प्रमुखाकडे. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. पदर दाखवला, सही दाखवली, डोंगर दाखवला. काचेतून बाहेर खरा डोंगरही दिसत होता, तोही दाखवला.

त्यांनी शांतपणे बघितलं. मग म्हणाले, "काका, आजकाल मोबाइलवर कुणीही काहीही उलटं करून आणतं."

"मग खणा. भराव बाजूला करा आणि खणा. पायऱ्या नाही निघाल्या तर मी तुमचा फ्लॅट घेतो, तुम्ही सांगाल त्या भावाला." हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडलं असेल.

"हे वरून ठरतं."

"वर कोण आहे?"

"ते असं सांगता येत नाही."

मी काय बोललो ते लिहिण्याजोगं नाही. रखवालदाराने मला जिन्यापर्यंत सोडलं.

तिथून घरी जाऊन आईला गाडीत घातलं. पूल ओलांडताना ती म्हणाली, "ही नदीची हवा." दत्ता काठावर खुर्ची घेऊन उभा होता, पण आई बसली नाही. मी तिच्या हातात नवा कागद दिला. भिंग, बोट, नजर. डोंगर, दीपमाळ, जोतं, पायऱ्या. मग त्या बायका. डंपरसुद्धा त्या वेळी थांबला होता की मलाच ऐकू येईना, सांगता येत नाही.

"व्हय," आई म्हणाली. "आता पदर बरोबर हाय." बोट पुढे सरकलं. "ही पाठमोरी बग. घागर डाव्या कमरंवर, आन उजव्या हातानं निऱ्या उचलल्यात. तिसऱ्या पायरीला दगुड निसटलेला व्हता, तिथं सगळ्याच उचलायच्या. मी बी उचलायची." ती हसली. "ह्या साहेबाला दिसलं बग त्ये."

चित्रकाराबद्दलचा माझा राग तिथे संपला. त्याने तिसरी पायरी बघितली होती. त्याने कुणाला फसवलं नव्हतं.

मग आईने कागद खाली केला आणि नजरेची ती बारीक नळी समोर फिरवली. वशिंड्यावर थांबली, खाली आली, नदीवर आली, मग काठावर. "आन घाट कुटं हाय?"

दत्ताने माझ्याकडे बघितलं. मी आईचा हात धरून तिला ढिगापाशी नेलं आणि म्हणालो, "याच्या खाली आहे."

तिने माझा हात सोडला. वाकून चपला काढल्या.

"आई, काचा आहेत, फरशा फुटलेल्या आहेत."

"देवीच्या पायरीवर चपला घालून चढायचं व्हय रं?" म्हणाली, आणि त्या राडारोड्यावर अनवाणी उभी राहिली.

आता मी सरळ विचारतो. कोरणारा मेला, त्याला माफ. चित्रकाराला मी उगाच शिव्या दिल्या, त्या परत घेतो. पण भराव टाकणारे जिवंत आहेत. रोज सकाळी डंपर येतात, म्हणजे त्यांना कुणी तरी पाठवतं. त्या 'वर' बसलेल्या माणसाने एकदा खाली यावं. काठावर यावं, दिवसा यावं. वकील पाठवू नये, टायवाला मुलगा पाठवू नये. चित्र मी आणतो, फावडं दत्ता आणेल. माझी आई अजून समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखते. किती दिवस ओळखेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तेवढ्यात या, तिच्या समोर उभे राहा, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगा: इथे काही नव्हतं, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?